दिवाळ्याच्या खाडीपासून तीर्थनच्या पाण्यापर्यंत: पहिल्या ट्राउट-मोहिमेची तयारी

दरवर्षी फेब्रुवारी संपत आला की मला फोन सुरू होतात. ऐरोली, कोपरखैरणे, ठाणे, एकदा तर बदलापूरहून. "ताई, मार्चमध्ये हिमाचलला ट्राउट गरवायला जायचंय, कुठली काठी घेऊ?" ट्राउट म्हणजे तिथल्या थंड नद्यांतला मासा, आणि गरवणं म्हणजे तो गळाने धरणं. काठीचं मी सांगतेच, पण आधी विचारते, निघायला किती दिवस आहेत? 'पुढच्या शुक्रवारी' असं उत्तर आलं तर तिकीट पुढे ढकला म्हणते. समोरच्याला वाईट वाटतं, पण तिथे जाऊन पहिल्यांदा फ्लाय रॉड, म्हणजे खोटा किडा लावून मासे धरायची काठी, हातात धरली तर चारातले तीन दिवस झाडात अडकलेली लाइन, म्हणजे तिचा दोरा, सोडवण्यात जातात. माझ्या पहिल्या खेपेला तेच झालं. सहा आठवडे हाताशी ठेवा आणि ते इथे, घराजवळ घालवा. नदीवर उभं राहिल्यावर हाताकडे बघावं लागू नये, डोळे पाण्यासाठी मोकळे राहावेत, एवढ्यासाठी ही सगळी तयारी.

मी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात वाढले. बाबा खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकायचे. लहानपणी मी डोक्यावर टोपली घेऊन त्यांच्या मागे चिखलातून जायचे आणि कंटाळायचे, कारण ते काठावर येऊन नुसते उभे राहायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी घाई केली की म्हणायचे, "पयले पानी बघ, मंग पाग टाक." बोईट माशांचा थवा कुठे वळतोय, सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, पाणी कुठल्या दगडापाशी फिरतंय, हे दिसल्याशिवाय पाग खांद्यावरून उतरायची नाही. आता मी वाशीच्या मार्केटमध्ये हिशेब लिहिते, बाबा नाहीत, पण हिमालयातल्या नदीकाठी गाइडने मला पहिलं वाक्य ऐकवलं ते हेच होतं, फक्त हिंदीत. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी माशाविषयी थोडं. आपल्याकडचा ट्राउट मुळचा इथला नाही. १९०० साली स्कॉटलंडहून आणलेली ब्राउन ट्राउटची अंडी काश्मीरमध्ये जगली, आणि तिथून १९०९ मध्ये ती कुल्लू खोऱ्यात, कटराईनजवळच्या महिलीच्या हॅचरीत, म्हणजे माशांची अंडी उबवायच्या केंद्रात, आली. पुढे हा मासा बियासच्या वरच्या अंगाला, तीर्थनमध्ये, सैंजमध्ये, बरोटच्या उहल नदीत, सांगल्याच्या बास्पात पसरला. आज तो तिथे स्वतः अंडी घालतो, वाढतो, म्हणून त्याला आपण जंगली म्हणतो. शेततळ्यात किंवा काँक्रीटच्या हौदात वाढवलेला मासा खाण्याच्या गोळ्यांची वाट बघतो. नदीतला ट्राउट सावलीलाही दचकतो. त्याच पाण्यात असेला, म्हणजे स्नो ट्राउट, हा मूळचा मासाही आहे. ब्राउन ट्राउट आल्यावर त्याची जागा आक्रसली. गळाला असेला लागला तर मी त्याला आणखी जपून सोडते. पाण्यावर त्याचा हक्क जुना आहे.

पहिल्या खेपेला मी तीर्थन नदी सुचवते. कुल्लू जिल्ह्यातल्या बंजारच्या पुढे गुशैणी नावाचं गाव आहे, तिथे फलाचन नावाचा ओढा तीर्थनला मिळतो. नदी मोठी नाही, बऱ्याच जागी तीस-चाळीस फूट रुंद. मोठाले दगड, दगडांमागे डोह, वर देवदार. तीर्थनवर मोठा जलविद्युत प्रकल्प नाही. त्यासाठी तिथल्या लोकांनी लढा दिला आहे. वरचं पाणी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून येतं, ज्याला २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. उद्यानात शिरायला वेगळी परवानगी लागते, आपण मासेमारी हद्दीच्या बाहेर, गावांच्या आसपासच करायची.

कधी जायचं? १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हिमाचलात ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण थंडीत हा मासा खडीत खळगा करून अंडी घालतो. मार्च-एप्रिल चांगले. मे महिन्यात ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारी पाणी चढतं, गढूळ होतं. तेव्हा सकाळीच काय ते करायचं. पावसाळ्यात जाऊ नका. दरड, पूर, रस्ता बंद, आणि पाणी चहासारखं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ३१ ऑक्टोबरपर्यंतचा काळ मला सगळ्यात आवडतो. पाणी काचेसारखं होतं आणि मासा थंडीआधी पोट भरून घेत असतो.

काठी, लाइन आणि एक गाठ

नेहमीच्या गळात वजन टोकाला असतं, शिशाचं किंवा आमिषाचं, आणि ते वजन दोरा ओढत नेतं. फ्लाय म्हणजे गळाला पिसं-लोकर बांधून केलेला खोटा किडा. त्याला वजनच नाही. म्हणून वजन लाइनमध्ये असतं, आणि तुम्ही लाइन फेकता. किडा तिच्यामागे जातो. एवढं डोक्यात बसलं की दुकानातले आकडे कळायला लागतात. रॉडवर '५ वेट' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम. तीर्थनसाठी ९ फुटी ५ वेट किंवा साडेआठ फुटी ४ वेट रॉड घ्या, चार तुकड्यांत सुटणारी. ती ट्रेनच्या बर्थवर उशाशी मावते. लाइन 'वेट फॉरवर्ड फ्लोटिंग', म्हणजे पुढच्या अंगाला जड आणि पाण्यावर तरंगणारी. रील, म्हणजे लाइन गुंडाळायची चकरी, साधी चालते, पैसे लाइनवर घाला. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं: भारी रील, स्वस्त लाइन. लाइन थंडीत स्प्रिंगसारखी वेटोळी व्हायची आणि कास्ट, म्हणजे लाइनची फेक, निम्म्यात पडायची.

लाइनच्या टोकाला लीडर, म्हणजे ९ फुटांचा निमुळता होत जाणारा नायलॉनचा दोरा, आणि त्याच्या टोकाला टिपेट, म्हणजे अगदी बारीक नायलॉन. टिपेटवर ४एक्स, ५एक्स असे आकडे असतात. ११ मधून तो आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजारांशात मिळते. ५एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, ०.१५ मिलिमीटर. तीर्थनवर ४एक्स आणि ५एक्स दोन्ही जवळ ठेवा. पाणी जितकं नितळ तितका बारीक.

गाठी दोनच शिका, पण झोपेत बांधता येतील इतक्या शिका. टिपेट लीडरला जोडायला सर्जन्स नॉट आणि फ्लाय बांधायला क्लिंच नॉट. क्लिंचसाठी टिपेट गळाच्या डोळ्यातून ओवा, मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे द्या, टोक परत डोळ्यालगतच्या फटीतून घाला आणि मग ओढण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करा. हे ओलं करणं विसरू नका. कोरडी गाठ ओढली की घर्षणाने नायलॉन तापतं आणि तिथेच कमजोर होतं. दुसऱ्या खेपेला माझा एक मोठा मासा सुटला. दोरा परत आला तेव्हा मी समजले तुटला असेल. गाइडने टोक उन्हात धरून दाखवलं: अर्धा इंच नायलॉन डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं होतं. तुटलेला दोरा सरळ असतो, असं वेटोळं राहिलं तर गाठ सुटली समजायचं. तेव्हापासून प्रत्येक गाठ मी ओली करते आणि बोटांनी जोरात ओढून बघते. लोकलमध्ये बसल्या-बसल्या चपलेच्या बक्कलात जाड दोरा ओवून सराव करा. मी नेरूळ ते सीएसएमटी अशी महिनाभर क्लिंच बांधली आहे.

बाकीचं सामान: पोलराइज्ड चष्मा, टोपी, बारीक पक्कड, नखं कापायचं कटर, रबरी जाळीचं हातजाळं, साधा थर्मामीटर. चष्मा फॅशनसाठी नाही. पाण्यावरची चमक त्याने जाते आणि तळातला मासा दिसतो, शिवाय मागून येणारा गळ डोळ्यात जाण्यापासून वाचतो. सरावातही चष्मा घालाच.

परातीचे सहा आठवडे

सेक्टरातलं कुठलंही मोकळं मैदान चालेल, सकाळी सहाला, फिरायला येणाऱ्यांची गर्दी होण्याआधी. वर विजेच्या तारा नाहीत ना, हे आधी बघा. फ्लाय रॉड कार्बनची असते आणि कार्बनमधून वीज वाहते. नऊ फुटांची रॉड आणि वर उचललेला हात मिळून तार किती जवळ येते ते मोजा. पावसाळी विजा असतील तर रॉड खाली ठेवायची, इथेही आणि डोंगरातही.

गळ लावू नका. टिपेटच्या टोकाला लाल लोकरीचा छोटा गोंडा बांधा. घरातली स्टीलची परात घ्या आणि वीस पावलांवर नव्हे, दहा पावलांवर ठेवा. साधारण २५ फूट होतात. ट्राउट बहुतेक वेळा याच अंतरात मिळतो. लांब फेकण्याचा सोस सोडून द्या.

रॉड अशी धरा की अंगठा वरच्या बाजूला, टोकाच्या दिशेने. कोपर अंगाशी, माझा भाचा काखेत घडी घातलेलं वर्तमानपत्र धरून शिकला, ते पडलं की कोपर सुटलं. आता बाजूने तुमच्याकडे बघणाऱ्याला तुमची रॉड घड्याळाच्या काट्यासारखी दिसते असं समजा. रॉडचं टोक जमिनीजवळून सुरू करा, लाइन ताणलेली असू द्या. हळू उचलायला लागा, वेग वाढवत न्या आणि एकच्या ठोक्यावर एकदम थांबवा. हा थांबा महत्त्वाचा. रॉड वाकलेली असते, थांबवल्याबरोबर ती सरळ होते आणि साठलेला जोर लाइनला देते. मग थांबून राहा. लाइन मागे उलगडून सरळ होईपर्यंत काही करायचं नाही. मान वळवून बघा, लाज वाटू देऊ नका. सरळ झाली की तसाच वेग वाढवत पुढे आणि दहाच्या ठोक्यावर थांबा. लाइन पुढे उलगडते, मग रॉडचं टोक हळूच खाली.

मागे चाबकासारखा आवाज आला तर घाई झाली. लाइन डोक्यात पडली तर मनगट वळलं. मनगटाला आणि रॉडच्या मुठीला मिळून एक रबरबँड लावला की मनगट किती वळतंय ते लगेच कळतं. रोज १५ मिनिटं करा. रविवारी तीन तास करून खांदा दुखवण्यापेक्षा ते चांगलं. दुसऱ्या आठवड्यात दहातले दोन गोंडे परातीत पडतील, पाचव्या आठवड्यात सहा-सात. गोंडा परातीवर आदळून टण्ण वाजू नये, परातीत टेकावा. पाण्यावर तसाच टेकवायचा आहे.

बाबांना पाग टाकताना बघितलेलं मला इथे उपयोगी पडलं. पाग हाताने फेकली की गोळा होऊन पडते. कंबर वळते, खांदा वळतो, हात फक्त योग्य क्षणी सोडतो, तेव्हा ती परडीसारखी गोल उघडते. फ्लाय लाइनचंही तसंच. जोर लावणारे पुरुष माझ्या बघण्यात उशिरा शिकतात, आणि माझी साठीतली शेजारीण, जिने जन्मभर सुपाने तांदूळ पाखडले, ती तिसऱ्या दिवशी परातीत गोंडा टाकत होती.

मैदानावर एक गोष्ट शिकता येत नाही: रोल कास्ट. तीर्थनच्या काठावर मागे झाडं असतात, लाइन मागे फेकायला जागाच नसते. तेव्हा लाइन पाण्यावरून हळू जवळ ओढायची, रॉड कानापर्यंत आणायची, लाइनचा पोटासारखा झोळ अंगामागे लोंबला की थांबायचं आणि रॉड झटक्यात पुढे आणून थांबवायची. लाइन चाकासारखी गरगरत पुढे उलगडते. यासाठी पाण्याची पकड लागते, गवतावर ती घसरते. आम्ही पनवेलच्या पुढे ओळखीच्यांच्या शेततळ्यावर दोन रविवार जातो. तिथे चिलापी आहे. ती फ्लायवर झडप घालते, त्यामुळे मासा लागल्यावर काय करायचं त्याचीही सवय होते. मालकाची परवानगी घ्या, आणि दगडी बांधावर लाइन घासू देऊ नका.

तांब्याच्या तारेचे किडे

फ्लाय विकत मिळतात, पहिल्या खेपेला विकत घ्या. बारा-पंधरा पुरतात. निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखे: फेझंट टेल आणि हेअर्स इअर, १२ ते १६ नंबरचे. पाण्यावर तरंगणारे ड्राय: अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, १४ नंबर. पाणी थोडं गढूळ असेल तर काळा वूली बगर. नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे लक्षात ठेवा, पहिल्यांदा सगळेच गोंधळतात.

पण एक तरी स्वतः बांधा. फेझंट टेल निम्फ इंग्लंडमधल्या एव्हन नदीवरच्या फ्रँक सॉयर नावाच्या नदीरक्षकाने तयार केला. त्याने दोऱ्याऐवजी बारीक तांब्याची तार वापरली, म्हणजे किडा बांधलाही जातो आणि वजनाने बुडतोही. माझा भाचा तुर्भ्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. तो मोटर वाइंडिंगवाल्याकडून केसासारखी तार आणतो आणि मी आमच्या कोंबडीवाल्याकडून तपकिरी कोंबड्याच्या शेपटीची पिसं. गळ पकडीत धरायचा, तारेचे वेढे देत बाकापर्यंत जायचं, पिसाचे चार तंतू शेपटीसारखे बांधायचे, तेच तंतू तारेसोबत पिळून पुढे डोळ्यापर्यंत गुंडाळायचे, मानेपाशी दोनदा मागे-पुढे दुमडून फुगवटा करायचा, तार आवळून तोडायची. दहा मिनिटांचं काम. सॉयरचं पीस फेझंटचं होतं, माझं कोंबड्याचं, पण तीर्थनच्या माशाने त्यावरून तक्रार केलेली नाही.

गळाला टोकाजवळ एक उलटा दात असतो. तो पकडीने दाबून सपाट करा, सगळ्या फ्लायचा, घरीच. मासा सोडताना जखम कमी होते, आणि तोच गळ तुमच्या कानात घुसला तरी सहज निघतो.

जाणं

पनवेलहून चंदीगढला थेट गाड्या आहेत, रोज नाहीत, त्यामुळे आधी गाडी बघा आणि मग सुट्टी टाका. चंदीगढच्या सेक्टर ४३ च्या बस स्टँडवरून कुल्लू-मनालीकडच्या बस सुटतात. कंडक्टरला 'औट' सांगायचं. औटच्या लांब बोगद्यात शिरण्याआधी बंजारकडे रस्ता फुटतो, तिथे उतरायचं. चंदीगढहून सात-आठ तास धरा. पुढे लोकल बस किंवा टॅक्सीने लारजी, बंजार, गुशैणी. विमानाने जाणार असाल तर फ्लायची डबी आणि पक्कड चेक-इनच्या बॅगेत टाका.

मासेमारीचा परवाना हिमाचलच्या मत्स्य खात्याकडून काढावा लागतो, दिवसाच्या हिशेबाने. होमस्टेवाले कार्यालय दाखवतात. दिवसाला किती मासे आणि किती लांबीचे ठेवता येतात ते परवाना घेताना विचारा आणि पावती खिशात ठेवा. मी तीर्थनवर मासा ठेवत नाही. खायचाच असेल तर गावात फार्मचा रेनबो ट्राउट मिळतो, तव्यावर मोहरीच्या तेलात करतात, उत्तम लागतो.

गाइड घ्याच, निदान पहिले दोन दिवस. गावातलीच मुलं असतात, नदीत वाढलेली.

पहिली सकाळ

माझ्या पहिल्या सकाळी मी पाण्यावर पोहोचल्या-पोहोचल्या रॉड जोडायला लागले. गाइडने दगडावर हात मारला, "दीदी, पहले बैठो. पानी देखो." मी बसले आणि क्षणभर काही सुचेना. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

तर बसा. निदान वीस मिनिटं. काठापासून चार पावलं मागे, सावली पाण्यावर पडणार नाही अशा जागी.

खाडीत पाणी दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं, आणि मासा त्याप्रमाणे तोंड फिरवतो. डोंगरी नदीत पाणी एकाच दिशेने वाहतं, म्हणून ट्राउट कायम वरच्या अंगाला तोंड करून उभा असतो. श्वासही तसाच घेतो, खाणंही तिकडूनच वाहत येतं. याचा अर्थ तुम्ही खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जायचं. आणि त्याला वेगवान पाण्यात उभं राहून दमायचं नसतं. जिथे वेगाचं पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातं, तिथे एक रेघ दिसते, कधी फेसाची, कधी नुसती सुरकुती. मासा संथ बाजूला थांबतो आणि वेगाच्या बाजूने येणारा किडा पुढे सरकून उचलतो. ती रेघ शोधा. मोठ्या दगडाच्या मागे, पुढेही थोडी उशीसारखी जागा असते तिथे, डोहाच्या तोंडाशी, काठ आतून पोखरलेला असेल तर त्याच्या सावलीत.

मग एक दगड उचला, घोट्याभर पाण्यातला, तळहाताएवढा. उलटा करा. सुरुवातीला नुसता ओला दगड दिसेल. थोडं थांबलात की काहीतरी सरकायला लागतं. चपटे, तीन शेपट्यांचे, दगडाच्या रंगाचे किडे कडेला पळतात. ते मेफ्लायचे निम्फ. एखादी जागा वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीसारखी दिसेल, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. नखाने हलकेच स्पर्श केलात की एका टोकातून काळं डोकं बाहेर येऊन परत आत जाईल. ती कॅडिसची अळी, तिने स्वतःचं घर बांधलंय. आता डबी उघडा आणि आकाराने, रंगाने जवळचा फ्लाय निवडा. दगड होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवा.

पाण्याचं तापमान मोजा. १० ते १६ अंश असेल तर ब्राउन ट्राउट जोमाने खातो. ६-७ असेल तर ऊन येईपर्यंत चहा घ्या. २० च्या वर गेलं तर मासेमारी थांबवा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला मासा सोडला तरी जगत नाही.

आता कास्ट. निम्फ रेघेच्या वरच्या अंगाला, सहा-सात फूट पुढे टाका, म्हणजे मासा जिथे असेल तिथे पोहोचेपर्यंत तो बुडेल. लीडरवर चिमूटभर पिवळी लोकर बांधा, ती खूण. आणि पुढचं सगळं या एका गोष्टीवर आहे: तुमचा किडा पाण्याच्या वेगानेच वाहिला पाहिजे, ना जास्त, ना कमी. मधलं वेगाचं पाणी लाइनचं पोट खाली ओढतं, लाइन किड्याला ओढते, आणि किडा पाण्यात फरफटत जातो. मासा तिकडे ढुंकून बघत नाही. म्हणून लाइन पडल्याबरोबर रॉडच्या टोकाने तिचं पोट उचलून वरच्या अंगाला ठेवायचं, किडा न हलवता. याला मेंडिंग म्हणतात. शेजारून वाहणाऱ्या फेसाच्या बुडबुड्याकडे आणि लोकरीकडे एकत्र बघा. दोघं बरोबर जात असतील तर ठीक.

लोकर थबकली, बुडाली, आडवी सरकली, काहीही वेगळं झालं की रॉड उचला. झटका नको, फोन उचलतो तेवढं. दहातल्या आठ वेळा दगड असेल. तरीही उचला.

एका जागी आठ-दहा नीट वाहून गेलेल्या फेऱ्या पुरतात. मग दोन पावलं वर.

मासा हातात आल्यावर

गेल्या ऑक्टोबरात भाच्याला पहिला मासा लागला. रॉड वाकली आणि तो ओरडला, "आत्या, काय करू?" मी म्हटलं, टोक वर ठेव, ओढतोय तर जाऊ दे, थांबला की गोळा कर. मासा खालच्या प्रवाहात गेला तसं त्याला रॉड बाजूला आडवी करून ओढायला लावलं. सरळ वर ओढण्यापेक्षा बाजूने ओढलं की मासा लवकर वळतो. फार वेळ खेळवू नये. दमून मेलेला मासा सोडण्यात अर्थ नसतो.

हातजाळं पाण्यातच ठेवा. मासा धरण्याआधी हात पाण्यात बुडवा. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा चिकट थर निघून येतो आणि मग त्याला बुरशी लागते. पोट दाबू नका, कल्ल्यात बोट घालू नका. गळ पकडीने धरून आल्या वाटेने मागे ढकलला की निघतो, दात दाबलेला असतो ना. फोटो काढायचा तर मासा पाण्यातून उचलून तुम्ही स्वतः श्वास रोखा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटण्याआधी तो परत पाण्यात गेला पाहिजे.

भाच्याचा मासा वीतभराहून थोडा मोठा होता. पाठ ओल्या सागवानासारखी, बाजू लोण्याच्या पिवळ्या रंगाची, तिच्यावर काळे ठिपके आणि मधूनच लाल ठिपके, प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं, कुंकवाभोवती चंदन लावावं तसं. त्याने मासा वरच्या अंगाला तोंड करून दोन्ही हातांत सैल धरला. कल्ले उघडत-मिटत होते. मिनिटभर काही नाही. मग शेपटी एकदा हलली, आणि हात रिकामे झाले.

पाण्यात पाय टाकताना

हे शेवटी लिहिते आहे, पण निघण्याआधी वाचा. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. आधाराची काठी टेकत, एक पाऊल पक्कं झाल्यावरच दुसरं, प्रवाहाला बाजू देऊन. पडलात तर पाय पुढे, खालच्या अंगाला, पाठीवर तरंगा. उभं राहण्याची घाई केली की पाय दगडांत अडकतो. मार्चमध्ये घासल्यासारखी स्वच्छ खडी दिसली तर तिच्यावरून चालू नका, तिच्याखाली पिल्लं असतात. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहायला लागली, आवाज बदलला, तर सामान तिथेच टाकून वर चढा.

आणि बियासच्या पात्रात, धरणांच्या खाली, फोटोसाठीसुद्धा उतरू नका. २०१४ च्या जूनमध्ये लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. चंदीगढहून औटला येताना तुम्ही त्याच भागातून येता. पात्र कोरडं, दगड पांढरे, सगळं शांत दिसतं. मी प्रत्येक वेळी भाच्याला ती जागा दाखवते.

रबरी तळाचे बूट घ्या, नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या तळाचे, नकोत. नमद्यात एका नदीचे जंतू ओले राहतात आणि दुसऱ्या नदीत जातात. परत आल्यावर बूट आणि जाळं नळाखाली ब्रशने घासा आणि बाल्कनीत कडकडीत वाळू द्या. लाइन कोमट साबणाच्या पाण्यातून ओढून फडक्याने पुसा, रीलवर सैल गुंडाळा. परात मात्र धुऊन लगेच स्वयंपाकघरात परत ठेवा. आमच्याकडे आई तीच शोधत असते.